एक कोयता म्हणजे किती माणसे?



मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. दरवर्षी पहिल्या तासाला नव्या मुलांच्या हाती मी एक कागद देतो. त्यावर चारच प्रश्न असतात. गाव कोणते? घरात माणसे किती? जमीन किती? आणि कमावती माणसे किती? काही वर्षांपूर्वी आष्टी तालुक्यातल्या एका मुलीने शेवटच्या प्रश्नापुढे '१' असा आकडा लिहिला. मी विचारले, "वडील काय करतात?" म्हणाली, "ऊसतोडीला जातात." "आणि आई?" "ती पण जाते की त्यांच्यासंगं." "मग कमावती दोन झाली ना?" मुलगी जरा गोंधळली. मग म्हणाली, "पण सर, आमचा कोयता एकच आहे."

बीड जिल्ह्यातल्या वाचकांना याचा उलगडा करून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादम टोळी बांधतो तेव्हा तो माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. दहा कोयत्यांची टोळी म्हणजे वीस माणसे. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर, आणि वहीत नाव बहुधा नवऱ्याचे. त्या मुलीने लिहिलेला आकडा तिने मनाने काढलेला नव्हता. मुकादमाच्या वहीतला आकडा तिच्या घरात येऊन बसला होता, आणि घरातून तो माझ्या कागदावर आला.

समाजशास्त्राच्या पुस्तकात वर्ग, लिंगभाव, कुटुंब आणि जागतिक विषमता अशी चार मोठी प्रकरणे असतात. मुले ती पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मला असे वाटते की या चारही प्रकरणांचा अर्थ आपल्या या एका कोयत्यात सापडतो. तो कसा, हे आज पाहू. पण त्याआधी थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

आपला जिल्हा बालाघाटच्या डोंगरावर आणि त्याच्या पायथ्याशी वसलेला आहे. गोदाकाठची गेवराई-माजलगावची काळी जमीन सोडली, तर आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या भागात रान बहुतेक हलके, मुरमाड, आणि पाऊस बेभरवशाचा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेजारचा अहमदनगर जिल्हा, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, तो इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता. दोघांची शिव लागून. पण दोघांच्या नशिबात फार अंतर पडले. तिकडे दारणा आणि प्रवरा या नद्यांचे पाणी अडवून कालवे काढण्यात आले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. १९३२ साली सरकारने कायदा करून देशी साखरधंद्याला परदेशी साखरेपासून संरक्षण दिले, तेव्हा खाजगी कारखान्यांना जोर आला. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने लोणी येथे शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. पुढे सहकारी कारखान्यांची रांगच लागली.

आता ऊस वाढवायला पाणी लागते, तसा तो तोडायला माणूस लागतो. आणि तोही एकदम हजारोंनी, चार-पाच महिन्यांपुरता. तोडलेला ऊस लवकर गव्हाणीत पडला नाही तर वाळतो आणि साखरेचा उतारा घटतो. म्हणून कारखान्याला असा मजूर हवा असतो की जो मध्यरात्री ट्रक आला तरी उठून भरून देईल. हा मजूर बाहेरगावचाच लागतो. तो फडाच्या कडेला कोपी घालून राहतो. संध्याकाळी त्याला घरी जायचे नसते आणि सणावाराला सुट्टीही मागायची नसते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी गुजरातेत बारडोलीच्या बाजूला, खानदेशातून तिकडे जाणाऱ्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला होता. जवळ मजूर असतानाही लांबचा मजूर का आणतात, तर तो अधिक मुठीत राहतो, असेच त्यांनाही दिसून आले.

असा मुठीत राहणारा माणूस मिळणार कोठे? जेथे पाणी नाही तेथे. आपल्याकडून पश्चिमेला जाणे जुनेच होते. परंतु १९७२ च्या दुष्काळाने त्याला पूर आला. त्या वर्षी खडी फोडलेली आणि सुकडी खाल्लेली माणसे अजून आपल्या गावात आहेत. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना निघाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे. पण रोजगार हमी पोट भरण्यापुरती होती. लग्नाला, आजारपणाला, बी-बियाण्याला रोख रक्कम लागे, ती मुकादमाच्या उचलीतून मिळे. पुढे आपल्या जिल्ह्यातही कारखाने निघाले, सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले. तरी दसरा-दिवाळी उलटली की सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर आणि थेट कर्नाटकापर्यंत आपल्या गाड्या अजून जातातच.

आता पहिले प्रकरण घेऊ: वर्ग. शाळेत वर्ग म्हणजे इयत्ता. समाजशास्त्रात मात्र त्याचा अर्थ निराळा आहे. श्रीमंत आणि गरीब अशी नुसती दोन नावे ठेवली म्हणजे वर्ग समजला असे होत नाही. कार्ल मार्क्सने विचारले की उत्पादनाची साधने कोणाच्या हाती आहेत? मॅक्स वेबरने त्यात भर घातली आणि विचारले की बाजारात उभे राहिल्यावर माणसाच्या वाट्याला जगण्याच्या कोणत्या संधी येतात? म्हणजे वर्ग ही दोन माणसांमधली देण्याघेण्याची नाती आहेत. पाटोद्याचा एखादा शेतकरी घ्या. जून महिन्यात तो चार एकरांचा मालक असतो. पेरणीला मजूर सांगतो, पंगतीत मानाने बसतो. नोव्हेंबरात तोच माणूस फडात मजूर असतो. माणूस तोच, जात तीच, घर तेच. वर्ग मात्र बदलला, कारण नाते बदलले. टोळीत पाहाल तर वंजारी, मराठा, धनगर, बंजारा, दलित अशी अनेक जातींची माणसे दिसतील. जातीने कोपीच्या जागा कधी वेगळ्या होतात. पण काट्यावर सगळ्यांचा ऊस सारखाच तोलला जातो.

हे नाते कसे चालते ते आकड्यांनी पाहू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. समजा, एका कोयत्याने लाखाची उचल घेतली. ती फेडायला किती ऊस तोडावा लागेल? लाखाला ३६६ ने भागा. सुमारे २७३ टन येतात. एका जोडीने दिवसाला दोन टन तोडले असे धरले तर झाले १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने. यात ताप येऊन चालत नाही, पाऊस पडून चालत नाही, मूल आजारी पडून चालत नाही. एखादा दिवस चुकला तर तो 'खाडा' धरतात आणि त्याचे पैसे कापतात. रोजच्या बाजाराला खर्ची लागते ती वेगळीच. मग कारखान्याचा पट्टा पडतो तेव्हा पुष्कळांच्या नावावर बाकी निघते, आणि बाकी निघाली की पुढच्या वर्षाचा रस्ता ठरून जातो. शिक्षकमित्रांनो, व्यवहारी अपूर्णांकापेक्षा हे गणित मुलांना लवकर कळेल. जरूर घालून पाहा. शेवटी आणखी एक प्रश्न विचारा: दिवसाचे ७३२ रुपये झाले, हे एका माणसाचे की दोघांचे?

या प्रश्नापाशी दुसरे प्रकरण सुरू होते: लिंगभाव. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. बाई आणि पुरुष यांच्या शरीरात निसर्गाने जो फरक केला तो एक. आणि बाईने काय करावे, पुरुषाने काय करावे, कोणाचे काम मोजावे आणि कोणाचे सोडून द्यावे, हे समाजाने ठरवले ते दुसरे. ज्या १९७२ साली आपल्याकडे दुष्काळ होता, त्याच साली इंग्लंडमध्ये अ‍ॅन ओकले या विदुषीने हा भेद एका पुस्तकात स्पष्ट करून मांडला. पण तो समजायला इंग्लंडला कशाला जायला हवे? फडावर चला. पहाटे तीन-चारला आधी बाई उठते. पाणी, चूल, भाकरी, लेकराचे आवरणे. मग फडात. गडी ऊस तोडतो. बाईही तोडते, पाचट काढते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन शिडीने ट्रकवर चढते. संध्याकाळी गडी कोपीपुढे पाय पसरतो आणि बाई पुन्हा चुलीपुढे बसते. काम तिचे दुप्पट आणि नाव कोयत्याच्या आत. गडी आळशी आहे असे मी म्हणत नाही. त्याचीही हाडे झिजतात. पण त्याचे झिजणे वहीत तरी आहे.

जे मोजले जात नाही त्याची काळजीही कोणी घेत नाही. फडावर न्हाणीघर नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही, बाळंतपणानंतर रजा नाही. अंगावरचे दुखणे अंगावरच काढायचे. मग दुखणे वाढले की कोणी तरी सांगतो, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल; नाही तर कॅन्सर होईल." जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की तीन वर्षांत बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. त्यांत कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. मला येथे एकच गोष्ट दाखवायची आहे. या बायका पूर्वीही होत्या, दुखणीही होती. पण सरकारने त्यांना कोयत्यातून बाहेर काढून एकेकीला मोजले, तेव्हा कोठे महाराष्ट्राला ते दिसले.

तिसरे प्रकरण कुटुंबाचे. आपण म्हणतो, कुटुंब म्हणजे मायेचे घर. ते खरेच आहे. परंतु समाजशास्त्र आणखी एक प्रश्न विचारते: हे घर कोणत्या कामासाठी असे बांधले गेले? इरावती कर्वे यांनी हिंदुस्थानातील नातेसंबंधांचा जो मोठा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध केला, त्यातून आपण हे शिकलो की कुटुंबाचा आकार प्रांताप्रांतात निराळा असतो आणि त्याला कारणे असतात. आपल्याकडे तो एकाच वर्षात दोनदा बदलतो. पावसाळ्यात गावी आजा-आजी, मुले, सुना-नातवंडे असे भरलेले घर. दिवाळीनंतर त्याचे दोन तुकडे होतात. कोपीत नवरा-बायको आणि अंगावरचे मूल. गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. थोरली मुलगी बरोबर गेली तर ती धाकट्याला सांभाळते, आणि अशा रीतीने आठ-नऊ वर्षांची पोर आई होऊन बसते. मागे ठेवली तर म्हाताऱ्या आजीला वयात आलेल्या नातीचा घोर लागतो.

मग काय होते? मुलीचे हात लवकर पिवळे करतात. घोर मिटतो. तिकडे मुलाकडे अर्धा कोयता असतो. सून आली की तो पुरा होतो आणि उचल वाढते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी शेकडा ४४ च्या आसपास बायकांची लग्ने अठराच्या आत झालेली दिसली. ही सगळी घरे ऊसतोडीची आहेत असे नाही. तसेच २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे आपल्याकडे अवघ्या ८०७ मुली निघाल्या. हा आकडा राज्यात सर्वांत खालचा होता. त्याचे पाप गरीब मजुराच्या माथी मारता येणार नाही. सोनोग्राफीला पैसे लागतात. तात्पर्य हे की, कामात मुलगी अर्धी धरायची, घरात ओझे धरायची आणि जन्मायच्या आधी नकोशी धरायची, या तिन्ही गोष्टी एकाच वहीतल्या आहेत.

शेवटचे प्रकरण जगाचे. तुम्ही म्हणाल, धारूरच्या घाटातल्या माणसाचा जगाशी काय संबंध? संबंध साखरेचा आहे. साखर गोड लागते, पण तिचा इतिहास कडू आहे. युरोपच्या चहात साखर पडावी म्हणून आफ्रिकेतली माणसे गुलाम करून वेस्ट इंडीजच्या उसात राबवली गेली. १८३३ च्या कायद्याने इंग्रजी साम्राज्यातली गुलामगिरी रद्द झाली. मग मळेवाल्यांना मजूर कोठून मिळणार? १८३४ पासून हिंदुस्थानातले मजूर कराराने मॉरिशस बेटावर नेण्यास सुरुवात झाली. पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख माणसे त्या एका बेटावर गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसेही होती, रत्नागिरीकडची पुष्कळ. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणवतात. त्या 'अ‍ॅग्रीमेंट'चा अपभ्रंश होऊन 'गिरमीट' हा शब्द झाला. १९१७ मध्ये अशी माणसे परदेशी नेणे थांबले.

या गिरमिटियांच्या नोंदवह्या मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत उतरलेल्या प्रत्येक माणसाला क्रमांक दिलेला आहे. बायकांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत, स्वतंत्र नावे आहेत. ती व्यवस्था जुलमी होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही; मजूर पळाला तर पकडता यावा, हाही त्या नोंदीचा हेतू होता. पण त्यामुळे आज मॉरिशसमधली एखादी बाई आपल्या पणजीचे नाव आणि तिचे गाव शोधू शकते. आपल्या आष्टीच्या मुलीची नात आजीचे नाव शोधायला निघाली, तर तिला मुकादमाच्या वहीत काय सापडेल? आजोबांचे नाव आणि पुढे 'कोयता १'.

आणि ही गोष्ट आता आपल्यापुरती राहिलेली नाही. ब्राझीलमध्ये बहुतेक ऊस यंत्राने तोडतात. आपल्याकडेही हार्वेस्टर आले आहेत, त्यांना सरकारी अनुदान आहे. जेथे यंत्र महाग आणि माणूस स्वस्त, तेथे माणूस वाकतो. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने महाराष्ट्रातल्या ऊसतोड स्त्रियांची हकीकत छापली आणि शीतपेये विकणाऱ्या जगप्रसिद्ध कंपन्यांना विचारले की तुमच्या बाटलीतली साखर कोणी तोडली? जागतिक विषमता म्हणजे हीच. बाटली पिणाऱ्याला मोळी दिसत नाही, आणि मोळी वाहणारीला बाटलीची किंमत कोण ठरवतो ते कळत नाही.

सगळे काळेच आहे असे मात्र कोणी समजू नये. १९९० च्या दशकापासून काही संस्थांनी फडाजवळ साखरशाळा चालवल्या. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क मिळाला. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झाले, आणि २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना सुरू झाली. सरकारी कागदावर मुलाच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा नियमही महाराष्ट्राने केला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांना तो लागू आहे. या सवलती कागदावर आहेत. त्या दारापर्यंत आणायच्या, तर दारात किती माणसे आहेत हे आधी ठाऊक पाहिजे.

आणि ते काम, शिक्षकमित्रांनो, तुमच्याइतके चांगले कोणी करू शकणार नाही. दसऱ्याच्या आधी गावात कोण जाणार याची कुजबुज सुरू होते, ती पहिल्यांदा तुमच्या वर्गात कळते. त्या वेळी यादी करा. यादीत कोयते लिहू नका. बापाचे नाव लिहा, आईचे नाव तिच्या स्वतःच्या रकान्यात लिहा, बरोबर जाणाऱ्या प्रत्येक लेकराचे नाव आणि इयत्ता लिहा. ती ग्रामपंचायतीत द्या, आरोग्य केंद्रात द्या, एक प्रत शाळेत ठेवा. मुकादमाशी भांडण नको, मोर्चा नको. एक वही पुरे. आणि बंधुभगिनींनो, टोळीत नाव घालताना तुम्हीही म्हणा, "आमची दोन नावे लिहा." उचलीच्या चिठ्ठीवर दोघांचा अंगठा, दोघांची सही असू द्या.

त्या मुलीचा कागद मी तिला परत दिला होता. तिने बराच वेळ विचार केला, '१' खोडला आणि तेथे '२' लिहिले. मग शेजारच्या मुलीकडे वळून हळूच म्हणाली, "तुझ्या कागदावर पण बघ गं." त्या दिवशी वर्गातल्या अकरा कागदांवरचा आकडा बदलला.